खडा मूत्रपिंडात, दोष यकृतात

काचेच्या ताटलीतला हा मुतखडा जरा जवळून बघा. ऑक्झॅलेट हा शरीरात तयार होणारा आणि पालकासारख्या भाज्यांतही असणारा एक टाकाऊ पदार्थ. त्याचा नेहमीचा खडा तपकिरी आणि टणक. हा फिकट, पिवळसर पांढरा, सुट्या कणांचा गोळा केल्यासारखा. नुसत्या रंगरूपावरूनही जाणकार डॉक्टरांना शंका येते: प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया, प्रकार 1, म्हणजे लघवीत ऑक्झॅलेट फार वाढवणारा एक जन्मजात आजार.

घरात मात्र आधी पालक बंद होतो, मग टोमॅटो. बिचाऱ्या भाज्यांचा इथे फारसा संबंध नाही. यकृतातलं एक एन्झाइम जन्मापासूनच नीट काम करत नसतं, त्यामुळे यकृत स्वतःच भरमसाट ऑक्झॅलेट तयार करतं. ते उपसता उपसता मूत्रपिंडं खड्यांनी आणि स्फटिकांनी भरून जातात.

पहिला उपचार पाण्याचा. सहा-सात वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण अडीच लिटर, आणि रात्रीही खंड नाही. तान्ह्या बाळांना तर कधी थेट पोटात नळी बसवावी लागते. जोडीला खडे धरू न देणारं पोटॅशियम सायट्रेट. ब-6 जीवनसत्त्व काहींना छान लागू पडतं, काहींना मुळीच नाही. जनुकात नेमका कोणता बदल आहे, त्यावर ते ठरतं.

मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिस, पण ते पुरं पडत नाही. यकृत ऑक्झॅलेट बनवतं त्या वेगाने मशीन ते काढू शकत नाही. मग ते हाडांत, हृदयात, डोळ्यांच्या पडद्यावर साचतं. नुसतं मूत्रपिंड बदललं, तर नवंही त्याच वाटेने जातं. म्हणून वर्षानुवर्षं यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बदलत आले. बाकी सगळी कामं चोख करणारं यकृत एका एन्झाइमपायी काढून टाकायचं!

2020 च्या नोव्हेंबरमध्ये युरोप आणि अमेरिकेत लुमासिरान या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. ते बिघडलेलं एन्झाइम दुरुस्त करत नाही. त्याच्या एक पायरी आधीचं एन्झाइम बनण्याचा निरोपच यकृतात खोडून टाकतं. कच्चा माल ग्लायकोलेटच्या रूपात उरतो, पण तो पाण्यात विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. सुरुवातीला महिन्याला एक, पुढे दहा किलोंहून जास्त वजनाच्यांना तीन महिन्यांतून एक. किंमत मात्र सामान्य घराने विचारूही नये अशी.

आणि इंजेक्शन मिळालं, तरी हाडांत आधीच साचलेलं ऑक्झॅलेट हळूहळूच सुटतं, कधी वर्षं लागतात. तोवर उशाशी पाण्याची बाटली आणि रात्री दोनचा गजर.