स्लॅब भरण्याआधी : सिव्हिलच्या प्रशिक्षणार्थीचं काम

(दृश्य: सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंच्या साच्यावर, बांधलेली सळई, दुपारचं ऊन)

मे महिना. परीक्षा आटोपून डिप्लोमाची मुलं सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला साइटवर आली आहेत. उद्या स्लॅब भरायचा आहे. हातात टेप आणि ड्रॉइंगची झेरॉक्स. तपासणीला एवढं पुरतं.

ड्रॉइंग सांगतं: जाडी 125 मिमी, 10 मिमीची सळई, अंतर 150. दोन सळयांमधलं एकच अंतर मोजून 'ओके' म्हणू नका. पहिल्या सळईच्या मध्यापासून अकराव्या सळईच्या मध्यापर्यंत टेप लावा. 1500 मिमी यायला हवेत. 1650 आले, तर दर दहा सळयांमागे एक गायब आहे. खाली 20 मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून वर धरणारे ठोकळे, हवेत. त्यांच्या जागी खडी किंवा फरशीचे तुकडे सारलेले दिसले, तर ते काढायला लावा. व्हायब्रेटर लागला की ते सरकतात, सळई फळीला टेकते आणि काही पावसाळ्यांनी छताला गंजाचे पट्टे उमटतात.

(दृश्य: गॅलरीची सळई, जवळून)

आता गॅलरी. इथे नजर जास्त वेळ हवी. गॅलरी पुढे लोंबते, म्हणून तिचा ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळईही वरच असते. 125 मिमीच्या स्लॅबमध्ये वरचं कव्हर 20 आणि सळईची अर्धी जाडी 5 वजा केली, की खालच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत 100 मिमी उरतात. या 100 वरच गॅलरीची ताकद अवलंबून आहे. भरणीच्या वेळी माणसं त्यावरून चालतात, पंपाचा पाइप ओढला जातो, चेअर (वरची सळई उचलून धरणारे सळईचे घोडे) कमी असतील तर सळई दबते. ती 40 मिमी खाली गेली, की 100 चे 60 होतात आणि ताकद साधारण 40 टक्क्यांनी घटते. वरून काँक्रीट नितळ दिसतं, पण पुढे भिंतीलगत वरच्या बाजूने तडा जातो. म्हणून चेअर मोजा, चालायला फळ्या टाकायला लावा, आणि भरणी चालू असताना तिथेच उभे राहा. फिटर कुरकुरेल. कुरकुरू द्या.

(दृश्य: ट्रान्झिट मिक्सर, चलन)

काँक्रीटची गाडी आली की आधी चलन, म्हणजे मालासोबतची पावती, वाचा: ग्रेड कोणती, प्लँटवर भरण्याची वेळ काय. मग स्लंप, म्हणजे काँक्रीट किती खाली बसतं याची चाचणी. 300 मिमी उंचीचा शंकू, थर देत प्रत्येक थराला 16 मिमीच्या सळीने 25 ठोके, आणि शंकू सरळ वर उचलायचा. ढीग एका बाजूला घसरला तर चाचणी पुन्हा घ्या.

काँक्रीट घट्ट वाटलं की कुणीतरी हमखास पाण्याची नळी आणतो. साधा हिशेब करा. घनमीटरला 320 किलो सिमेंट आणि 160 लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.50. 6 घनमीटरच्या गाडीत 60 लिटर पाणी ओतलं, तर ते 0.53 होतं. ताकद तिथेच उतरते. घट्टपणा घालवायचा तर प्लँटच्या माणसाला विचारून अ‍ॅडमिक्चर (काँक्रीट पातळ करणारं रसायन) वाढवतात.

(दृश्य: क्यूब भरताना)

क्यूब म्हणजे दाबून ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा. तो 150 मिमीचा, तीन थरांत, प्रत्येक थराला 35 ठोके. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 31 ते 50 घनमीटर भरणीला चार नमुने, नमुन्याला तीन क्यूब. म्हणजे 40 घनमीटरच्या स्लॅबला 28 दिवसांच्या चाचणीसाठी बारा क्यूब. 7 दिवसांचा अंदाज हवा असेल तर ते वेगळे भरावे लागतात. क्यूब उन्हात ठेवून दिले किंवा साचा आधीच हलवला, की काँक्रीट चांगलं असूनही निकाल पडतो. 24 तास सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, मग साचा काढून पाण्यात. नंबर आणि तारीख क्यूबवरच लिहा, रजिस्टर नंतर भरा. तिघांपैकी एकाचा आकडा सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त ढळला, तर तो नमुना ग्राह्य धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट-वाळूच्या मसाल्याची आळी बांधून स्लॅबवर पाणी साठवतात. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस, उन्हाळ्यात 14. साध्या पोर्टलँड (ओपीसी) सिमेंटच्या स्लॅबचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, 7 दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवसांनी. वरच्या मजल्याचं सेंटरिंग याच स्लॅबवर उभं असेल, तर हे आकडे पुरत नाहीत. इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही टेकू हलवू नका.

28 दिवसांचा निकाल हाती यावा असं वाटत असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांतच क्यूब भरा. उशीर झाला असेल तर आधीच्या स्लॅबचं रजिस्टर मागून घ्या आणि 7 व 28 दिवसांचे आकडे डायरीत शेजारी शेजारी लिहा.