सैन्य केंद्राचे, जमीन राज्याची : विधिमंडळाच्या हाती काय उरते

अहिल्यानगरच्या माणसाला तोफेचा आवाज नवा नाही. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र या शहरात आहे आणि रणगाड्यांचा सराव जिथे चालतो ती के. के. रेंज आपल्या नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांच्या गावांमध्ये पसरलेली आहे. या नावातले दोन ‘के’ म्हणजे खारे-कर्जुने, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. सरावाच्या दिवशी रानात जायचे नाही, गुरे सोडायची नाहीत, हे त्या गावांतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु हा मज्जाव कोणत्या कायद्याने होतो आणि त्या कायद्यानुसार आदेश कोण काढते, असे विचारले तर बहुतेक जण दिल्लीकडे बोट दाखवतील. आजचे माझे व्याख्यान त्या चुकीच्या दिशेला वळलेल्या बोटाविषयी आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीची पहिलीच नोंद भारताच्या संरक्षणाची आहे आणि दुसरी नौदल, भूदल व वायुदलाची. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘2क’ ही नोंद घालून, नागरी प्रशासनाच्या मदतीला सैन्य पाठवण्याचा विषयही केंद्राकडे नेला. तेव्हा राज्याच्या विधानसभेने सैन्यभरतीचा, शस्त्रखरेदीचा किंवा युद्धाचा कायदा करावा, हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि उद्भवू नये असेच माझे मत आहे. संसदेत 1993 पासून संरक्षणविषयक स्थायी समिती आहे. मंत्रालयाच्या मागण्या ती तपासते. राज्यात तशी समिती नाही.

इथपर्यंतची मांडणी पाठ्यपुस्तकात असते. पुढे काय होते ते मात्र पुस्तकात क्वचितच येते. सैन्याला सरावासाठी जमीन लागते, आणि जमीन हा राज्यसूचीतला विषय आहे. सैनिक निवृत्त होऊन गावी परततो आणि तिथले तलाठी कार्यालय, पोलीस ठाणे, शाळा व रुग्णालय राज्याचे असते. अशांत प्रदेशात जवान उभा राहतो तेव्हा त्याच्या शेजारी राज्याचा पोलीस असतो, कारण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्याकडे आहेत. म्हणजे संरक्षणाचा विषय केंद्राचा असला, तरी तो जमिनीवर उतरतो तो राज्याच्या हद्दीत, आणि अनेकदा राज्य शासनाच्या सहीने. ज्या सहीला राज्याचा मंत्री जबाबदार आहे, तिचा जाब विचारण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. तो अधिकार पुरेसा वापरला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

सरावाच्या जमिनीचाच विषय आधी सविस्तर पाहू, कारण तो आपल्या दाराशी आहे. 1938 साली, म्हणजे ब्रिटिश अमलात, युद्धसराव, मैदानी गोळीबार आणि तोफखाना सराव यांच्यासाठी एक केंद्रीय कायदा झाला आणि तो आजही लागू आहे. या कायद्याची गंमत नव्हे, महत्त्व असे, की सरावाचे क्षेत्र ठरवण्याचा अधिकार त्याने सेनापतीला दिलेला नाही, संरक्षण मंत्रालयालाही दिलेला नाही. तो राज्य शासनाला दिलेला आहे. युद्धसरावासाठी राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचना काढायची, तिची मुदत तीन महिन्यांहून अधिक असायची नाही, आणि तेच क्षेत्र सामान्यतः तीन वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा घ्यायचे नाही. तोफखान्याच्या नियतकालिक सरावासाठी मात्र ठराविक वर्षांची मुदत घालून क्षेत्र जाहीर करता येते, आणि सरावाच्या दिवसांत त्यातला काही भाग धोक्याचा पट्टा ठरवून माणसे व जनावरे बाहेर काढता येतात. पिकाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर ते ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याने महसूल अधिकारी नेमायचा. त्याचा निवाडा मान्य नसेल तर दाद मागायला एक आयोग असतो. जिल्हाधिकारी त्याचा अध्यक्ष, सैन्याचा एक प्रतिनिधी आणि जिल्हा मंडळाने सुचवलेली दोन माणसे, अशी त्याची रचना. परक्या सरकारनेसुद्धा गावकऱ्यांच्या बाजूची दोन माणसे त्या मेजाभोवती बसवणे आवश्यक मानले होते, हे मला लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

आता या कायद्यात उणीव कुठे आहे ते पाहा. अधिसूचना काढण्यासाठी विधानसभेची संमती लागत नाही. दहा-वीस वर्षांसाठी डझनावारी गावांच्या वहिवाटीवर बंधन घालणारा निर्णय एका विभागाच्या फायलीत होऊ शकतो आणि राजपत्राच्या एका पानावर छापला जाऊन लागू होतो. राजपत्र कोणता शेतकरी वाचतो? परंतु संमती लागत नाही याचा अर्थ प्रश्न विचारता येत नाही, असा होत नाही. राज्य शासनाने जे केले, त्याचा जाब सभागृहात विचारण्यास कोणताही नियम आड येत नाही.

या कायद्याचे वजन किती आहे, ते झारखंडमधल्या नेतरहाटने दाखवले. लातेहार आणि गुमला जिल्ह्यांतल्या त्या डोंगराळ, आदिवासी प्रदेशात 1964 पासून तोफखान्याचा सराव चाले. तेव्हा तो भाग बिहारमध्ये होता. 1990 च्या दशकाच्या आरंभी बिहार शासनाने अधिसूचना काढून सरावाचे क्षेत्र वाढवले आणि बाधित गावांची संख्या 245 वर गेली. मार्च 1994 मध्ये गावकरी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, टुटुवापानी येथे रस्त्यावर बसले आणि सरावासाठी आलेल्या सैनिकी वाहनांना परत जावे लागले. त्यानंतर तिथे गोळीबार झाला नाही. तरीही कागदावरची अधिसूचना जिवंत राहिली. 1999 मध्ये तिची मुदत थेट 2022 पर्यंत वाढवण्यात आली. 2000 साली झारखंड वेगळे राज्य झाले, सरकारे आली आणि गेली, आणि ती गावे त्या तारखेकडे डोळे लावून बसली. 2022 मध्ये गावकरी टुटुवापानीहून रांचीपर्यंत पायी गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झारखंड शासनाने मुदत न वाढवण्याचा निर्णय घेतला.

या घटनेत सैन्याचा अवमान झाला असे मी मानत नाही. सैन्याला सराव लागतोच, आणि सराव न केलेल्या तोफखान्याच्या भरवशावर सीमा सोडता येत नाही. माझे दुःख वेगळे आहे. अठ्ठावीस वर्षे गावकऱ्यांनी दरवर्षी मार्चमध्ये जमून ज्या प्रश्नाची आठवण ठेवली, तो सुटला तो पायांच्या जोरावर. मुदतवाढ द्यायची की नाही, पर्यायी जागा कोणती, नुकसानभरपाईचे किती निवाडे झाले, यांवर सभागृहात वेळेवर आणि कागदपत्रांसह चर्चा घडवून आणणे हे ज्यांचे काम, त्यांनी ते केले असते तर वृद्ध स्त्रियांवर एवढे अंतर चालत जाण्याची वेळ आली नसती.

राज्याची विधानसभा सैन्याच्या प्रश्नावर थेट उभी राहिली, असे उदाहरण नागालँडचे आहे. 4 डिसेंबर 2021 रोजी मोन जिल्ह्यातल्या ओटिंग गावाजवळ, खाणीतले काम आटोपून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या विशेष पथकाने गोळीबार केला. त्यात सहा जण ठार झाले आणि त्यानंतर उसळलेल्या प्रक्षोभात आणखी माणसे गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत मृत नागरिकांची संख्या चौदा झाली. एक जवानही मृत्युमुखी पडला. 20 डिसेंबरला नागालँड विधानसभेच्या विशेष अधिवेशनात ‘अशांत’ जाहीर झालेल्या भागात सैन्याला विशेष अधिकार देणारा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा मागे घ्यावा, असा ठराव एकमताने संमत झाला.

त्या ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. 1958 च्या मूळ कायद्यात क्षेत्र ‘अशांत’ जाहीर करण्याचा अधिकार राज्यपालांकडे होता. 1972 च्या दुरुस्तीने तो केंद्र सरकारलाही मिळाला. त्यामुळे राज्याने नको म्हटले तरी केंद्र घोषणा करू शकते. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, परंतु घोषणेचा दर सहा महिन्यांनी फेरविचार झाला पाहिजे असेही बजावले. ठरावानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, 1 एप्रिल 2022 पासून, नागालँड, आसाम आणि मणिपूरमधल्या काही भागांतून हा कायदा हटवण्यात आला. हे केवळ ठरावामुळे घडले, असा दावा करणे धाडसाचे होईल. पण साठ आमदारांच्या सभागृहातून विरोधाचा एकही सूर न निघता ती मागणी अधिकृत इतिवृत्तात गेली आणि त्यानंतर दिल्लीला ती एखाद्या संघटनेची मागणी म्हणून बाजूला ठेवता येणार नव्हती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नागालँडच्या पोलिसांनी विशेष तपास पथक नेमून जून 2022 मध्ये तीस जवानांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. खटल्यासाठी केंद्राची मंजुरी आवश्यक होती, ती 2023 मध्ये नाकारली गेली. राज्याचे पोलीस तपास करू शकतात, पण खटल्याच्या दाराची किल्ली राज्याकडे नाही. विधानसभेच्या अधिकाराची सीमा कुठे संपते, ते या एका प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र दिसत नाही. याउलट त्रिपुराने मे 2015 मध्ये परिस्थिती निवळल्याचे पाहून हा कायदा स्वतःच्या निर्णयाने संपूर्ण राज्यातून उठवला होता. तेव्हा राज्य अगदीच हात बांधलेले असते, हेही खरे नाही.

महाराष्ट्रात हा विषय सर्वांत मोठ्या आवाजात गाजला तो कुलाब्याच्या एकतीस मजली ‘आदर्श’ इमारतीमुळे. जमीन कोणाची, राज्याची की लष्कराची, हा तिथला मूळ वाद. जानेवारी 2011 मध्ये राज्य शासनाने दोन सदस्यांचा चौकशी आयोग नेमला. एप्रिल 2012 च्या अंतरिम अहवालात आयोगाने सांगितले, की जमीन राज्य शासनाची आहे आणि ती कारगिलच्या युद्धातील सैनिकांसाठी किंवा त्यांच्या विधवांसाठी राखीव नव्हती. अंतिम अहवाल एप्रिल 2013 मध्ये शासनाला मिळाला. चौकशी आयोग अधिनियमानुसार असा अहवाल, त्यावरील कार्यवाहीच्या निवेदनासह, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. तो ठेवला गेला डिसेंबरमध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, आणि त्याच वेळी शासनाने तो फेटाळल्याचेही जाहीर केले. पुढे टीका झाली म्हणून जानेवारी 2014 मध्ये तो अंशतः स्वीकारण्यात आला. इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेच्या एकशे दोन सदस्यांपैकी पंचवीस जण अपात्र असल्याचा निष्कर्ष ज्या अहवालात आहे, तो आमदारांच्या हाती पडला तेव्हा त्यांच्या सामानाची बांधाबांध चालू होती. विधिमंडळाला अंधारात ठेवायला गुप्ततेचा कायदा लागत नाही. कागद शेवटच्या दिवशी ठेवला तरी पुरते.

छावण्यांविषयी थोडक्यात. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशा सात छावण्या महाराष्ट्रात आहेत. तिथल्या नागरी कारभाराचा कायदा संसदेचा आहे. तरीही ‘पुणे कॅन्टोन्मेंट’ नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे, आणि तिथून निवडून आलेल्या आमदाराच्या सभागृहाला त्या छावणीच्या पाणीपट्टीवर कायदा करता येत नाही. छावण्यांचा नागरी भाग लगतच्या पालिकांमध्ये विलीन करण्याची प्रक्रिया 2023 पासून सुरू आहे. ती पूर्ण होईल तेव्हा रस्ते, जलवाहिन्या, कर्मचारी आणि थकीत देणी राज्याकडे येतील. त्या हिशेबाची छाननी आजपासून व्हायला हवी.

माजी सैनिकांचा विषय बऱ्याच अंशी राज्याच्या आवाक्यातला आहे. सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत आणि शासकीय नोकरीत समांतर आरक्षण आहे. दरवर्षी 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधी गोळा होतो तेव्हा मंत्री भाषणे करतात. पण आरक्षित जागा किती भरल्या, किती उमेदवाराअभावी पुढे ढकलल्या आणि वीरपत्नीच्या जमिनीचा अर्ज तहसीलमध्ये किती वर्षे पडून आहे, हे आकडे भाषणात येत नाहीत. ते लोकलेखा समितीने, अंदाज समितीने, आणि विशेषतः आश्वासन समितीने मागवायचे असतात. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे पाहणे एवढेच त्या शेवटच्या समितीचे काम आहे, आणि सैनिकांना दिलेल्या शब्दांइतके सहजपणे दिले जाणारे शब्द दुसऱ्या कोणाला दिले जात असतील असे मला वाटत नाही.

विधिमंडळात प्रश्न विचारण्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि तिची भाषाही ठरलेली आहे. येत्या अधिवेशनात आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या आमदाराने हा तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न द्यावा, म्हणून मी तो लिहूनच आणला आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : नगर, राहुरी व पारनेर तालुक्यांतील कोणती गावे 1938 च्या अधिनियमाखालील अधिसूचनेत समाविष्ट आहेत आणि तिची मुदत कोणत्या दिनांकास संपते, गेल्या दहा वर्षांत पीक व मालमत्तेच्या नुकसानीचे किती दावे महसूल अधिकाऱ्यांकडे आले व किती निकाली निघाले, मुदतवाढीपूर्वी संबंधित ग्रामसभांचे म्हणणे ऐकून घेण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?