थोडं वाचा, पण जोडी लावून वाचा

नमस्कार श्रोतेहो. आज वाचनाबद्दल बोलायचंय, पण वाचन वाढवा असं मी म्हणणार नाहीये. माझं म्हणणं जरा उलटं आहे, वाचन कमी करा, निवडून करा, आणि जे हातात घ्याल ते दोन-दोन पुस्तकांची जोडी लावून, सावकाश वाचा. कारण वाचत तर आपण दिवसभर असतोच हो, सकाळी उठल्यापासून मोबाईलवर मेसेज, बातम्या, कुणाकुणाच्या पोस्ट, आणि त्यातलं बरंचसं लिहिलेलंच असतं असं की आपल्याला चटकन राग यावा नाहीतर डोळ्यात पाणी यावं आणि आपण ते लगेच पुढे ढकलावं.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याचंच घ्या. लासलगावला कांद्याचा भाव पडला की ज्याच्या घरात शेती आहे त्याचा जीव तुटतो, तुटणारच, त्यात काही गैर नाही. पण त्या रागाच्या भरात जो मेसेज येईल तो खरा वाटायला लागतो. आणि कुणी जरा बसून वाचलं, की उन्हाळी कांदा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो पण खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, निघाला की विकावाच लागतो, आणि डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा बाजारात हाच लाल कांदा येत होता, म्हणजे शेतकऱ्याला माल धरून थांबायची सोयच नव्हती, तर काय होतं? राग जात नाही. राग नेमका होतो. कुणाला कुठला प्रश्न विचारायचा ते कळतं. मला वाटतं बुद्धी आणि भावना यांचं भांडण आहे असं आपण उगाचच धरून चालतो, माहिती मिळाली म्हणून माणूस कोरडा होत नाही.

हे सगळ्यात चांगलं मला दिसलं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात. या बाई आपल्याकडच्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म 1868 चा. शाळेत गेलेल्या नाहीत, लग्न अगदी लहानपणी झालं. वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की घरातली सगळी माणसं त्या धुण्या-विटाळाखाली पिचून गेलेली, पण लक्ष्मीबाई ते सांगतात तेव्हा वाचताना हसू फुटतं, आणि हसता हसता मध्येच लक्षात येतं की अरे, यात एक लहान पोर रोज घाबरून जगतेय. मग 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला. काही वर्षं ताटातूट. त्यानंतर त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी आपलं सोवळं, आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला होता. प्रेम होतं म्हणून आल्या, पण पटलं नव्हतं म्हणून बदलल्या नाहीत! पुढे त्या स्वतःशीच विचार करत बसल्या की हे जातीचे भेद देवाने केले का माणसाने, आणि माणसाने केले असं मनाला पटलं तेव्हा सोडले. नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही हं. एकाच बाईच्या आत माया आणि तर्क कसे शेजारी शेजारी नांदतात ते त्या पानांत दिसतं, ती पानं घाईने वाचली तर नुसती गोष्ट कळते, हे निसटतं.

आता याच्या शेजारी समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांचे निबंध ठेवून बघा. आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ हे साप्ताहिक काढलं, बालविवाहावर, विधवांच्या केशवपनावर सडेतोड लिहिलं, आणि चाळिशीही न गाठता गेले, तेही 1895 सालीच, म्हणजे इकडे लक्ष्मीबाईंचं घर मोडत होतं त्याच वर्षी. आगरकर मुद्द्याला मुद्दा लावून दाखवतात की ही रूढी का चूक आहे. पण त्या रूढीत एक मुलगी सकाळपासून रात्रीपर्यंत कशी जगते ते लक्ष्मीबाईंकडे कळतं. एकटे आगरकर वाचले तर कधी कधी वाटतं ठीक आहे, पटलं, पुढे? आणि एकट्या लक्ष्मीबाई वाचल्या तर हळहळ वाटते, आणि हळहळून आपण मोकळे. दोन्ही एकामागोमाग वाचली की आगरकरांचा त्रागा कशासाठी होता ते पोटात शिरतं.

मी सांगतेय ती जोडी म्हणजे ही. विषय एक, पुस्तकं दोन, एक जगलेलं सांगणारं आणि दुसरं वाद घालणारं. धरणाचा विषय असो, दुष्काळाचा असो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आजारपणाचा असो, अशी जोडी शोधली तर बहुतेक वेळा सापडते. टिळक पथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, तिथे जाऊन कपाटापाशी उभं राहून चाळा, काउंटरवर विचारा, इंटरनेटवरच्या याद्यांपेक्षा ते बरं. वर्षाला अमुक इतकी पुस्तकं संपवायची असले चॅलेंज मला खरंच पटत नाहीत, संपवायची घाई झाली की माणूस जिथे थांबायला हवं नेमकं तिथूनच पुढे पळतो.

वाचताना पेन्सिल जवळ ठेवा (लायब्ररीचं पुस्तक असेल तर वही, कृपा करून). गलबलून आलं तिथे पान नंबर लिहा आणि दुसऱ्या दिवशी ते पान परत वाचा, लेखकाने आपल्याला का रडवलं, खरंच काही घडलं म्हणून की नुसते शब्द तसे वापरले म्हणून, हे दुसऱ्या दिवशी बरोबर दिसतं. आणि जिथे कोरडं, कंटाळवाणं वाटलं तिथे विचारा की हे आकडे, हे नियम कुणाच्या घरात जाऊन पडले.

दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील विचारतात, पोरांना काय द्यायचं? ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण जमलं तर पूर्ण घ्या, पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर ते पुस्तक संपवू नका. आगरकर मात्र एकदम हातात देऊ नका, वाक्यं लांब आहेत, मुलं दमतात. रात्री जेवणं झाल्यावर एकच निबंध घ्या, तुम्ही मोठ्याने वाचा, आणि मुलगा किंवा मुलगी मध्येच म्हणाली की हे मला नाही पटत, तर पुस्तक मिटून आधी तिचं ऐकून घ्या. नमस्कार.