सुकाणूला बोल लावण्याआधी

(पुण्यात हौशी मॉडेलकारांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

मंडळी, तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या मी घरी नेऊन नीट वाचल्या. चौदा चिठ्ठ्या आहेत आणि त्यातल्या नऊंमध्ये एकच प्रश्न आहे: 'बोट नीट वळत नाही, रडर (सुकाणू) किती मोठा करू?' म्हणजे रोगाचं निदान तुम्ही केलंय, औषधही तुम्हीच ठरवलंय, डॉक्टरनं फक्त डोस सांगायचा. अस्सल पुणेरी रुग्ण! पण मला हसायचा हक्क नाही, कारण मीही हेच केलंय. एकदा नाही, दोनदा.

ही टेबलावरची, रिमोटवर चालणारी लाँच बघा. लांबी ८० सेंटिमीटर, रुंदी २०, पाण्याखाली ६. तीन मिलिमीटरचं प्लायवूड, वर इपॉक्सी. पाण्यात सोडायची कुठे, हा आपला नेहमीचा प्रश्न. पाषाण तलावात जलपर्णी बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) गुंडाळली तर बोट आणायला कोण जाणार? म्हणून मुळशीच्या बाजूला एका मित्राच्या शेततळ्यात नेली. डावीकडे झटकन वळायची. उजवीकडे वळायला सगळं तळं लागायचं. वळताना बाहेरच्या अंगाला अशी कलायची की माझा जीव वरखाली. आणि पंधरा-वीस मिनिटं झाली की हे सगळं आणखी वाढायचं. हे शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि त्याच्याकडेच मी लक्ष दिलं नाही.

मी काय केलं? सुकाणू बदललं. ९ चौरस सेंटिमीटरचं होतं, त्याचं १५ केलं. जमेना, म्हणून ३०. तीसचं लावलं त्या दिवशी बोट डावीकडे वळली, बाहेर कलली आणि परत सरळ झालीच नाही. कुशीवर पडून राहिली. मित्राचे वडील काठावर बसले होते. ते म्हणाले, "म्हशीगत बसली की ओ तुमची बोट!" टेनिसचा बॉल मासेमारीच्या दोरीला बांधून फेकला आणि कशीबशी ओढून आणली. तो बॉल आणि दोरी तेव्हापासून माझ्या पिशवीत कायम असतात. तुम्हीही ठेवा.

आता काय झालं होतं ते सांगतो. सुकाणू मोठं केलं की बोट जास्त आखूड वळते. जितकं आखूड वळण, तितका बाहेर फेकणारा जोर जास्त. तो जोर बोटीच्या गुरुत्वमध्यावर लागतो, आणि पाणी तिला अडवून धरतं ते खाली, तळाजवळ. वर ढकललं, खाली धरलं, की बोट बाहेर कलणारच. गुरुत्वमध्य जितका उंच तितकं कलणं जास्त. मी दर वेळी सुकाणू वाढवून माझ्याच बोटीला जास्त जोरानं ढकलत होतो.

मग घरी आलो आणि एक निळं पिंप उभं चिरून आणलं, दोनशे लिटरचं. त्यात ही बोट जेमतेम मावते. गच्चीवर ते आडवं ठेवून पाणी भरायचं. आमच्याकडे पाणी सकाळीच येतं, तेव्हा प्रयोगशाळाही सकाळीच उघडते. बोट आत ठेवायची, कडेवर बोटानं दाबून सोडायची आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पाच डोल मोजायचे. डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे, हा एक डोल. माझ्या बोटीचे पाच डोल ११ सेकंदांत झाले, म्हणजे एकाला २.२ सेकंद. दिसायला फार छान दिसतं हो, मोठ्या जहाजासारखं संथ, राजेशाही. पण त्या संथपणातच धोका होता. जी बोट आळसावून सरळ होते, तिच्यात सरळ व्हायची ताकदच कमी असते.

ही ताकद मोजता येते. रुंदी मीटरमध्ये घ्या, ०.८ नं गुणा, एका डोलाच्या सेकंदांनी भागा, जे येईल त्याचा वर्ग करा. माझा हिशोब: ०.१६ भागिले २.२, त्याचा वर्ग म्हणजे साधारण ०.००५ मीटर. पाच मिलिमीटर! याला मेटासेंट्रिक उंची म्हणतात. हे सूत्र अंदाजाचं आहे, पण आपल्या कामाला पुरतं. पावणेसहा किलोची माझी बोट पाच मिलिमीटरच्या भरवशावर उभी होती.

हा प्रयोग मी शोधलेला नाही. स्वीडनचं 'वासा' नावाच्या युद्धनौकेचं प्रकरण तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. जहाज निघण्याआधी तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं होतं. जहाज इतकं डोलायला लागलं की पळणं मध्येच थांबवलं. तरीही १० ऑगस्ट १६२८ ला ते स्टॉकहोमहून निघालं, आणि जेमतेम तेराशे मीटरवर वाऱ्याच्या झोतानं कलून बुडालं. चाचणी केली, उत्तर मिळालं, आणि उत्तराकडे पाठ फिरवली.

माझ्या बोटीत वजन उंच होतं कुठे? बॅटरी. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची, यूपीएसमध्ये असते ती. २.१ किलो वजन, म्हणजे बोटीच्या एक तृतीयांशाहून जास्त. तिला मी दोन सेंटिमीटरच्या लाकडी पाटावर उभी ठेवली होती, का, तर टर्मिनलला हात सहज पोचावा. पाट काढला, २० मिलिमीटर खाली आली. मग तिला कुशीवर निजवली. उभी असताना तिची उंची ९४ मिलिमीटर, निजवल्यावर ६५. म्हणजे मध्य आणखी १५ मिलिमीटर खाली. एकूण ३५. ही सीलबंद बॅटरी आडवी चालते, उलटी मात्र ठेवू नका. परत पिंपात सोडली, पाच डोल ६ सेकंदांत. हिशोब केला तर अठरा मिलिमीटरच्या आसपास. एक पैसाही खर्च नाही. उलट पाट परत मिळाला.

कोकणातल्या गलबतवाल्यांकडे तळात भरायच्या वजनाला नीरम असा छान शब्द आहे. पुष्कळ जण बोट डगमगली की लगेच शिशाचं नीरम भरतात. भरा, पण आधी जे आत आहे ते खाली न्या. नीरम वाढवलं की बोट खोल बसते आणि मोटरवर भार येतो.

आता ते पंधरा-वीस मिनिटांचं कोडं. पंख्याच्या शाफ्टच्या नळीतून पाणी आत येत होतं. किती? कपभर. मी म्हणायचो, पावणेसहा किलोच्या बोटीला कपभर पाण्यानं काय होतंय! होतं, मंडळी. कारण पाणी एका जागी बसत नाही. परातीत पाणी घेऊन स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत चालून बघा, आणि मग तेच पाणी चार वाट्यांत घेऊन चाला. बोट जरा कलली की आतलं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. माझ्या तळात ४० बाय १२ सेंटिमीटरवर तो कपभर पाण्याचा थर पसरायचा. हिशोब केल्यावर कळलं, एवढ्यानं माझी दहा मिलिमीटर ताकद जात होती. होती पाच, गेली दहा! मग म्हैस नाही बसणार तर काय?

गंमत अशी, की हा तोटा पाण्याच्या वजनापेक्षा थर किती रुंद पसरतो यावर ठरतो, आणि तोही रुंदीच्या घनावर. म्हणून तळात मधोमध एक उभी पट्टी लावली, लांबीच्या दिशेनं, पाणी इकडून तिकडे जाणार नाही अशी. दहाचा तोटा अडीचवर आला. ही पट्टी आडवी लावून उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. आणि गळतीसाठी शाफ्टच्या पितळी नळीला वरून एक बारीक उभी नळी डाग देऊन जोडली. तिच्यातून सिरिंजनं ग्रीस भरतो, दर वेळी पाण्यात सोडण्याआधी. ग्रीस भरलेल्या नळीतून पाणी सहसा आत शिरत नाही.

हे सगळं झाल्यावर मी सुकाणूकडे वळलो. कंपासपेटीतला कोनमापक काढला, आणि मला माझीच लाज वाटली. रिमोटची काडी पूर्ण डावीकडे केली की सुकाणू ३८ अंश, पूर्ण उजवीकडे केली की फक्त २१! सर्व्होचा, म्हणजे सुकाणू फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा, हॉर्न (सळई ओढणारा दांडा) बसवताना एक दाता चुकलेला, त्यामुळे मध्यावर असताना हॉर्न आणि सळई काटकोनात नव्हते. हॉर्न काढून नीट बसवला, दोन्हीकडे ३२-३३ अंश केले. पस्तिसाच्या पुढे नेऊ नका. तिथून पुढे पाणी सुकाणूला धरून वाहत नाही, सुटतं, आणि सुकाणू बोट वळवण्यापेक्षा ब्रेकच जास्त लावतं.

एवढं करूनही ती जराशी डावीकडे ओढायची. तो पंख्याचा स्वभाव आहे. मागून बघताना घड्याळाच्या दिशेनं फिरणारा पंखा पुढे जाताना शेपूट उजवीकडे सरकवतो, म्हणजे नाळ (बोटीचं नाक) डावीकडे. रिमोटवरच्या ट्रिमनं, म्हणजे सुकाणूचा मध्य जरासा सरकवायच्या सोयीनं, तेवढं भागतं. रिव्हर्समध्ये शेपूट डावीकडे जाते, तिथे ट्रिमचा उपाय नाही; सवय करून घ्या.

एका चिठ्ठीत विचारलंय, 'मोटर बंद केल्यावर बोट अजिबात वळत नाही.' नाहीच वळणार. सुकाणू पंख्याच्या मागे असतं ते त्याच्या झोतात राहावं म्हणून. झोत थांबला की सुकाणूला मिळतं ते बोटीच्या मागचं सुस्त पाणी. काठाजवळ घाबरून थ्रॉटल (मोटरचा वेग) सोडू नका. सुकाणू वळवा आणि मोटरला थोडा झटका द्या.

सुकाणूचा आकार? सांगतो, नाहीतर तुम्ही मला जाऊ देणार नाही. पाण्यातली लांबी गुणिले पाण्याखालची खोली, त्याचे साधारण चार टक्के. माझ्यासाठी ८० गुणिले ६ म्हणजे ४८०, त्याचे चार टक्के १९. मी २० चौरस सेंटिमीटरवर थांबलो. हळू चालणाऱ्या बोटींना हा ठोकताळा चालतो.

बोट सरळ जाताना नागमोडी जात असेल तर बहुतेक नाळ जड आहे. बॅटरी एक-दोन सेंटिमीटर मागे सरकवा. फार मागे नेलीत तर सरळ छान जाईल, पण वळायला कुरकुर करेल. वेगवान बोटीचं नेमकं उलट असतं. ती नाक वर-खाली आपटत उड्या मारत असेल तर वजन पुढे घ्या, आणि तळाला स्टीलची पट्टी लावून तो सरळ आहे का बघा. वेगवान बोटी मला फारशा आवडत नाहीत, आवाज फार. त्यामुळे एवढंच.

'मोटर जास्त ताकदीची घालू का?' असंही एकानं विचारलंय. खऱ्या लाँचचा वेग १० नॉट असेल आणि मॉडेल १:२५ चं असेल, तर मॉडेलसाठी तो वेग पंचवीसनं नाही, पंचवीसच्या वर्गमुळानं भागायचा. म्हणजे २ नॉट, सेकंदाला साधारण एक मीटर. काठावरून तुम्ही बोटीबरोबर रमतगमत चाललात, की वेग बरोबर. हा नियम इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात लहान मॉडेलं पाण्याच्या टाकीत ओढून पक्का केला. पुण्याला समुद्र नाही, पण १९१६ पासून चालत आलेली आपली खडकवासल्याची जलसंशोधन संस्था नद्यांची आणि बंदरांची लहान प्रतिरूपं करते, तीही याच हिशोबानं. मोटर वाढवून तुमची शेपूट खाली बसेल, लाटा मोठ्या उठतील, वेग मात्र फारसा वाढणार नाही.

बरं, आता बोलणं पुरे. मागच्या अंगणात पिंप भरून ठेवलंय. त्या लाल टगबोटीचे मालक कोण? तुम्ही का, ताई? आणा इकडे. आत बघू... हे काय, बॅटरी केबिनमध्ये?