कॉमिक्सवाल्यांचं गोदाम

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय 'स्वतंत्र कॉमिक्स प्रकाशक : सध्याच्या घडामोडी', आणि त्या घडामोडी मी सांगणारच आहे, पण त्याआधी मला जरा वेगळीकडून सुरुवात करू द्या. आपण कॉमिक्सवाले एकत्र जमलो की बोलतो कोणाबद्दल, तर चित्रकाराबद्दल, नाहीतर वेताळ आणि मँड्रेकबद्दल. वितरकाबद्दल, गोदामाबद्दल, बिलाचे पैसे कधी सुटतात याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आणि मला गेली कित्येक वर्षं असं वाटतंय की छोट्या प्रकाशकाचं जगणं-मरणं तिथेच ठरतं. आता वेताळ-मँड्रेकची इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांनी हात वर करा बरं. बघा, जवळजवळ अख्खा हॉल! ते आपल्या हातात पडत होतं कारण मागे टाइम्स ऑफ इंडियासारखी दांडगी कंपनी उभी होती. ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांचं काय होतं, ते आज बघू.

उदाहरण घेतो अमेरिकेतल्या फँटाग्राफिक्स या छोट्या कॉमिक्स प्रकाशन कंपनीचं. १९७६ साली गॅरी ग्रोथ आणि माइक कॅट्रन या दोन पोरांनी मेरीलँडमध्ये सुरू केली, पुढच्या वर्षी किम थॉम्पसन आले, १९८९ पासून मुक्काम सिअ‍ॅटलला. 'द कॉमिक्स जर्नल' हे त्यांचं मासिक, त्यात इतकी सडेतोड परीक्षणं यायची की अर्धी इंडस्ट्री यांच्यावर कायम चिडलेली. हर्नांडेझ बंधूंचं 'लव्ह अँड रॉकेट्स' यांनीच १९८२ पासून छापलं. सुपरहिरो जवळपास नाहीच, माणसांच्या गोष्टी.

आता माझी आवडती गोष्ट सांगतो, थोडी लांबेल, पण ऐकाच. शिकागोत एमिल फेरिस नावाची चित्रकार आहे. चाळिशीच्या आसपास तिला डास चावला आणि वेस्ट नाइल व्हायरस झाला. आपल्याकडे डास म्हटलं की डेंग्यू, मलेरिया, आठवडाभर ताप आणि पपईच्या पानांचा रस, पण हिचं कमरेखालचं अंग लुळं पडलं आणि चित्र काढायचा हातही गेला. लहान मूल असलेली बाई. मग तिने पेन हाताला टेपने बांधून परत रेघा मारायला सुरुवात केली, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कॉलेजात प्रवेश घेतला, आणि वर्षानुवर्षं खपून एक पुस्तक काढलं, 'माय फेवरिट थिंग इज मॉन्स्टर्स'. करेन नावाची दहा वर्षांची मुलगी, साठच्या दशकातलं शिकागो, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचा मृत्यू, आणि त्याचा तपास करणारी ही पोर स्वतःला माणूस समजतच नाही, स्वतःचं चित्र काढते ते लांडग्यासारखं, दात बाहेर आलेलं. सगळं साध्या बॉलपेनने काढलंय. शाळेच्या वहीसारखं रेघांचं पान, कडेला स्पायरल, आणि त्या निळ्या रेघांवरून रेघेवर रेघ, उभ्या, आडव्या, तिरक्या, एवढ्या घट्ट की गालावरची सावली लांबून शाईने भरल्यासारखी वाटते आणि पान डोळ्याजवळ आणलं की प्रत्येक रेघ सुटी दिसते. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी कार्यक्रम झाल्यावर इथे टेबलापाशी या, माझी प्रत ठेवली आहे, फक्त चहाचा कप लांब ठेवून हात लावा.

तर हे पुस्तक अठ्ठेचाळीस प्रकाशकांनी नाकारलं. अठ्ठेचाळीस! शेवटी फँटाग्राफिक्सने घेतलं. छापायला दिलं दक्षिण कोरियात, ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात यायचं ठरलं, गठ्ठे बोटीत चढले. आणि ऑगस्टच्या अखेरीस हानजिन या तिथल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपनीने दिवाळं काढलं. जगभर त्यांची जहाजं लटकली, बंदरवाले आत घेईनात, कारण माल उतरवला तर भाडं कोण देणार, हमाली कोण देणार? आपल्या पुस्तकाचं जहाज पनामा कालव्यापाशी अडकवून ठेवलं. म्हणजे बघा, बाई आजारातून उठली, हात परत कमावला, एवढ्या नकारांतून पुस्तक पार झालं आणि घोडं अडलं कुठे, तर कालव्यात, ते पण दुसऱ्याच कोणाच्या उधारीमुळे. मला ही गोष्ट सांगताना अजूनही राग येतो. मोठ्या कंपनीची शंभर पुस्तकं असतात, एक अडकलं तर नव्याण्णव चालू राहतात. छोट्याचा सगळा हंगाम त्या एका पुस्तकावर असतो.

पुस्तक शेवटी फेब्रुवारी २०१७ मध्ये आलं आणि पुढे जे झालं ते तुम्हाला माहीत असेल, २०१८ मध्ये तीन आयस्नर, म्हणजे अमेरिकेतले कॉमिक्ससाठीचे मानाचे पुरस्कार, २०१९ मध्ये फ्रान्सच्या आंगुलेम कॉमिक्स महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान. दुसरा भाग मात्र थेट २०२४ मध्ये आला, तोपर्यंत वाचकांनी वाट बघितली, आणि ती वाट बघण्यासारखीच चीज आहे.

गोदामाचं मला एवढं का लागतं तेही सांगतो. आम्ही मित्रांनी मिळून एक छोटं कॉमिक काढलं होतं, काळं-पांढरं, मधे दोन पिना मारलेलं. एका दुकानात जांगडीवर ठेवलं, म्हणजे विकलं गेलं की पैसे. वर्षभर काही निरोप नाही. चौकशीला गेलो तर मालक म्हणाले, विकली असतील, नसतील तर आत असतील, तुम्हीच बघा. आत म्हणजे जिन्याखाली. गठ्ठा होता, वरची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती, आणि पावसाळ्याच्या ओलीने पिना गंजून मधल्या पानावर बरोबर नायिकेच्या तोंडावर तांबूस डाग पडलेले. ज्याने ते पान रात्र-रात्र बसून काढलं होतं तो मित्र तिथेच खाली बसला. आमच्याकडे माल दिल्याच्या चलनाची साधी पावतीसुद्धा नव्हती, मागणार काय? कागदावर काही नाही म्हटल्यावर दुकानदारानेही हात वर केले. दिवाळी अंकवाल्या संपादकांना विचारा, बहुतेकांकडे अशी एखादी गोष्ट असते.

हं, संयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत. मग मुख्य मुद्दा भराभर घेतो.

फँटाग्राफिक्सचा इतिहास बघितला तर संकट दरवेळी याच दारातून आलंय. २००२ मध्ये त्यांचा एक वितरक, सेव्हन हिल्स, बुडाला आणि यांचे ६०,००० डॉलरहून जास्त त्याच्याबरोबर गेले. २००३ मध्ये कंपनी बंद पडायची वेळ आली तेव्हा त्यांनी वाचकांना उघड सांगितलं, आमच्याकडून पुस्तकं विकत घ्या, आणि ऑर्डरींचा पाऊस पडला. २००४ पासून 'कम्प्लीट पीनट्स' सुरू झालं, चार्ल्स शुल्झची वर्तमानपत्रात येणारी १९५० ते २००० अशी पन्नास वर्षांची रोजची चित्रपट्टी, क्रमाने, २६ खंडांत, आणि कंपनीचे पाय त्याने जमिनीला लागले. (आपला 'चिंटू' १९९१ पासून घराघरांत होता, तो असा ओळीने पहिल्या दिवसापासून एका कपाटात मिळावा असं मला फार वाटतं, पण ते परत कधीतरी.) २०१३ मध्ये किम थॉम्पसन गेले, युरोपातली कॉमिक्स तेच अनुवाद करून आणायचे, त्यामुळे त्यांची पुस्तकं रखडली आणि हंगामच कोलमडला. तेव्हा किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या वेबसाइटवर दीड लाख डॉलर मागितले आणि दोन लाखांच्या वर जमले. हे आपल्याला नवीन नाही, मराठी प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घेतात ते हेच तर आहे, पैसे आधी, पुस्तक नंतर.

आता ताजी घडामोड. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांना माल पुरवणारी डायमंड ही कंपनी. नव्वदच्या दशकात बाकीचे वितरक एकेक करून संपले आणि हीच एकटी उरली. २०२० मध्ये डीसी ही सुपरहिरोवाली मोठी प्रकाशन कंपनी तिच्याकडून बाहेर पडली, पाठोपाठ तशीच मोठी मार्व्हल, आणि १४ जानेवारी २०२५ ला डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढचं जास्त वाईट आहे. डायमंडच्या गोदामात शंभराहून जास्त प्रकाशकांचा माल जांगडीवर पडलेला, म्हणजे मालकी प्रकाशकांची, आणि जून २०२५ मध्ये डायमंडने कोर्टाकडे परवानगी मागितली की हा माल विकून आम्ही देणेकऱ्यांचं कर्ज फेडतो! दुसऱ्याची पुस्तकं विकून स्वतःचं कर्ज! प्रकाशकांनी एकत्र येऊन विरोध केला, त्यातल्या कित्येकांचा सगळा जुना साठा तिथे होता. फँटाग्राफिक्सने २००१ पासून पुस्तकांच्या दुकानांसाठी नॉर्टन हा वेगळा वितरक धरलेला आहे, म्हणून त्यांचं सगळंच एका गोदामात नव्हतं. पण दोन-चार माणसांवर चालणाऱ्या प्रकाशकाला दुसरं दार कुठून आणायचं?

म्हणून इथे जी तरुण मुलं-मुली स्वतःची कॉमिक्स काढतायत त्यांच्यासाठी सांगतो, घाईत सांगतोय पण लिहून घ्या. माल दिला की चलनावर सही-शिक्का घ्या, आणि त्यावर स्पष्ट लिहा की विक्री होईपर्यंत मालकी आमची. हिशोबाची तारीख ठरवा, तीन महिने म्हणजे तीन महिने. सगळ्या प्रती एका जागी ठेवू नका. आणि थेट ऑर्डर देणाऱ्या वाचकांची नावं-पत्ते सांभाळून ठेवा, २००३ मध्ये फँटाग्राफिक्सला त्यांनीच तारलं. वाचकांसाठी एकच विनंती, बाहेर मुलांनी टेबलं मांडली आहेत, नोंदणीची वही उघडी आहे, पुढच्या अंकाच्या किती प्रती छापायच्या ते तिच्यावरून ठरणार आहे, तर जाताना नाव लिहून जा.