वाघाच्या शेपटीला हात

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या भाऊबिजेला मी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, सुपारी फिरली, आणि माझा भाचा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. नुकताच थायलंडला जाऊन आला होता. "मामा, हे बघ," म्हणाला. फोटोत तो एका पूर्ण वाढलेल्या वाघाला टेकून बसला होता. एक हात वाघाच्या कुशीवर, दुसऱ्या हाताचा अंगठा वर. वाघ आडवा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. घरातल्या सगळ्यांनी तो फोटो कौतुकानं पाहिला. मग भाच्यानं विचारलं, "तू तर जनावरांचा डॉक्टर. इतकी वर्षं प्राणिसंग्रहालयांत जातोयस. तू किती वाघांना हात लावलायस?"

मी खरं तेच सांगितलं. बेशुद्ध केलेल्या वाघांना पुष्कळदा. शुद्धीवर असलेल्या वाघाच्या फक्त शेपटीला, आणि तीही जाळीबाहेर आलेली असताना.

तो हसायला लागला. त्याला वाटलं, मामा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. पण ते नीट समजावून सांगायला ती संध्याकाळ पुरली नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

आमची आजी म्हणायची, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. एरवी ही म्हण आपण साहेबांबद्दल वापरतो, सावकाराबद्दल वापरतो. वाघाच्या पिंजऱ्यामागे काम करणारी माणसं मात्र ती शब्दशः पाळतात. ही माणसं वाघावर पोटच्या पोरासारखी माया करतात आणि तरीही एकदाही त्याच्या आवारात, तो आत असताना, पाऊल टाकत नाहीत.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. आम्हा चार-पाच विद्यार्थ्यांना एका प्राणिसंग्रहालयात वाघांच्या मागच्या बाजूला नेलं. प्रेक्षकांना दिसतं ते मोकळं आवार, झाडं, पाण्याचा हौद, मधला खंदक. त्याच्या मागे खोल्यांची एक रांग असते. रात्री वाघ तिथे येतात, तिथेच खातात. अरुंद बोळ, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जाळी. फिनेलचा वास, मांसाचा वास आणि त्या दोन्हींतून वर येणारा एक तिसराच वास. मी नकळत म्हणालो, "इथे भात शिजतोय का?" कीपरकाका म्हणाले, "भात नाही, ती वाघीण आहे."

वाघ आपली हद्द दाखवायला झाडांवर, भिंतींवर जो फवारा मारतो, त्यात एक सुगंधी द्रव्य असतं. बासमतीला, आपल्या मावळातल्या आंबेमोहराला जो वास येतो, त्याला कारण तेच द्रव्य. पुढे हे मी वाचलं, पण पहिल्यांदा कळलं ते त्या बोळात. आजही घरी आंबेमोहर शिजायला लागला की मला क्षणभर ती जाळी आठवते.

त्याच दिवशी मी एक चूक केली. वाघीण जाळीला अंग घासत माझ्या जवळून गेली. हातभर अंतरावर ते पिवळे, जाड, खरखरीत केस. त्यांखाली खांद्याचं हाड वरखाली होताना दिसत होतं. माझी बोटं आपोआप जाळीकडे गेली. कीपरकाकांनी माझ्या मनगटावर असा फटका मारला की दोन दिवस वळ राहिला. तोवर वाघीण वळून, पंजा उचलून, नेमकी त्या जागी उभी होती. तिनं वळायला किती वेळ घेतला हे मला सांगता येणार नाही, कारण मला ते वळणं दिसलंच नाही. कीपरकाका एवढंच म्हणाले, "मी तिला दोन महिन्यांची असल्यापासून ओळखतो. मी बोट घालत नाही. तुम्ही कोण?"

तेव्हा मी खूप वरमलो. आज वाटतं, त्या फटक्यानं मला जे शिकवलं ते चार वर्षांच्या पुस्तकांत नव्हतं.

आता ही माणसं वाघाला हाताळतात कशी, ते सांगतो. सगळा खेळ दारांचा असतो. वाघाला कुणी ओढत नाही, हाकलत नाही. संध्याकाळी आत मांस ठेवलं की तो आपल्या पायांनी येतो. मोठ्या वाघाला रोजचं आठ-दहा किलो मांस, आपल्याकडे म्हशीचं, आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस उपास. तो आत आला की बाहेरून साखळी ओढून सरकतं दार खाली सोडायचं. मग मोजायचं. दोन वाघ असतील तर दोन्ही वाघ प्रत्यक्ष डोळ्यांना दिसले पाहिजेत. एक दिसतोय आणि दुसरा आत असणारच, असं चालत नाही. मग कुलूप. कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं. मग जोडीदारानं ते पुन्हा ओढून बघायचं. एवढं झालं की मगच झाडू घेऊन मोकळ्या आवारात उतरायचं. रोज, वर्षानुवर्षं, तापात, पावसात, घरी भांडण होऊन आलेलं असताना सुद्धा. वाघांकडून होणाऱ्या अपघातांत एखादं दार उघडं राहिलेलं असणं ही नवलाची गोष्ट नाही, म्हणून जुने कीपर कुलपाचा आवाज कानानं ओळखतात.

वाघ आजारी पडला तर? पूर्वी दोनच मार्ग होते. एक म्हणजे दाबाचा पिंजरा. त्याची एक भिंत आत सरकते आणि वाघ दोन भिंतींमध्ये अडकतो, मग सुई टोचायची. दुसरा म्हणजे फुंकनळीतून किंवा बंदुकीतून औषधाची सुई मारून बेशुद्ध करणं. झायलाझीन आणि केटामीन ही औषधं आपल्याकडे त्यासाठी खूप वापरली जातात. पण भूल म्हणजे जोखीम. आधी वाघाला उपाशी ठेवावं लागतं, नाहीतर भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. शरीराचं तापमान चढतं, श्वास मंदावतो. साध्या रक्ततपासणीसाठी एवढं करायचं, आणि त्यातून वाघ माणसाला घाबरायला शिकतो ते वेगळंच. दाबाच्या पिंजऱ्यातून सुटलेला वाघ कितीतरी दिवस त्या खोलीत यायला तयार नसतो.

आता एक तिसरा मार्ग आहे. काठीच्या टोकाला चेंडू. वाघानं चेंडूला नाक लावलं की शिट्टी, आणि शिट्टीबरोबर मांसाचा लहानसा तुकडा. एवढ्यापासून सुरुवात होते. हळूहळू तो चेंडूमागे चालतो, मागच्या पायांवर उभा राहून जाळीला पोट लावतो, सांगितल्यावर आडवा होतो. नको असेल तर निघून जातो, आणि तो निघून गेला तर त्याला कुणी रागवत नाही. माझ्या मते या पद्धतीचा जीव इथेच आहे. वाघ नाही म्हणू शकतो.

शेपटीचा प्रसंग असाच. वाघ जाळीला समांतर आडवा झाला. तोंडापाशी कीपर, हातात लांब चिमटा, चिमट्यात मांस. शेपटीपाशी मी, गुडघ्यांवर. जाळीच्या तळाशी एक फट असते, तिच्यातून आकड्यानं शेपटी हळूच बाहेर घेतली. वाघाची शेपटी मऊ असेल असं वाटतं. ती भरलेल्या दोरखंडासारखी असते, घट्ट आणि गरम. थोडे केस काढले, स्पिरिट लावलं, शीर चाचपली. सुई गेली तेव्हा शेपटी एकदा थरारली. कीपर बोलतच होता, "हां राजा, हां, झालं, झालं," आणि वाघ त्याच्याकडे बघत चघळत होता. नळी भरली. या अर्ध्या मिनिटासाठी त्या कीपरनं महिने घालवले होते. सगळ्या नोकरीत याहून समाधानाचं काम माझ्या हातून झालेलं नाही.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून भाच्याचा फोटो बघा. तिथे जाळी नाही, खंदक नाही, कुलूप नाही. रोज शेकडो अनोळखी माणसं येतात, अंगावर हात टाकतात, शेपटी धरतात, उठून जातात. वाघाला उठून जाता येत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याच्या गळ्यात आखूड साखळी असते. फोटोसाठी पिल्लं लागतात, म्हणून ती काही आठवड्यांची असतानाच आईपासून काढतात आणि बाटलीवर वाढवतात. जंगलात वाघीण पिल्लांना जवळजवळ दोन वर्षं सांभाळते. इथे पिल्लू दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर. ज्या वयात झोपायचं, त्या वयात त्याला झोपू देत नाहीत.

थायलंडमधल्या कांचनाबुरीजवळच्या एका मंदिरात पर्यटकांसाठी असेच वाघ ठेवलेले होते. २०१६ मध्ये सरकारनं तिथे धाड घातली तेव्हा जिवंत वाघांबरोबर शीतपेटीत पिल्लांची चाळीस कलेवरंही सापडली. तिथून हलवलेल्या १४७ वाघांपैकी ८६ वाघ २०१९ पर्यंत मेले. जवळच्या नात्यातल्या पैदाशीमुळे त्यांची प्रतिकारशक्तीच खचलेली होती, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून वाघसिंहांच्या पिल्लांशी लोकांना खेळू देण्याचा धंदा बंद केला. आपल्याकडे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणं, खायला घालणं, आरडाओरडा करून त्रास देणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वाघ सर्कशीत नाचवायला १९९८ सालीच बंदी आली.

सर्कस म्हटलं की पुण्याच्या माणसाला दामू धोत्रे आठवणारच. १९०२ साली पुण्यात जन्मलेले, मामांच्या सर्कशीत वाढलेले, आणि अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या भव्य सर्कशीत वाघ-बिबळ्यांसह रिंगणात उभे राहिलेले. लहानपणी त्यांच्या गोष्टी ऐकून मी या व्यवसायाकडे वळलो, हे मला मान्य करायला हवं. त्यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण आज वाघाला त्या रिंगणात उभं करावं असं मला वाटत नाही. काळाबरोबर आपल्याला वाघ अधिक कळला आहे, आणि कळल्यावर मागे जाता येत नाही.

"पण मामा, तो तर माणसांनीच वाढवलेला होता," असं भाचा म्हणाला होता. श्रोतेहो, हातावर वाढलेला वाघ जास्त धोक्याचा. रानातून आलेला वाघ माणसापासून लांब राहतो. हातावर वाढलेल्याला माणसाचं भय नसतं. २००३ मध्ये लास वेगासच्या रंगमंचावर वाघ घेऊन जादूचे प्रयोग करणाऱ्या रॉय हॉर्न यांना त्यांच्याच पांढऱ्या वाघानं मानेला धरलं, तेव्हा तो वाघ त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करत होता. आणि पांढऱ्या वाघाचं म्हणाल तर तो काही वेगळा, दुर्मीळ वंश नाही. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचं पांढरं पिल्लू पकडलं, पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली, आणि आज दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्या घराण्यातले. त्यांच्यापैकी कितीतरी तिरळे असतात.

आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्नर-आंबेगावकडे ऊसतोडणीत बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजराएवढी, निळ्या डोळ्यांची. लोक लगेच उचलून घेतात, फोटो काढतात, बाटलीनं दूध पाजतात. असं करू नका. वनखात्याला कळवा. त्यांची माणसं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राचे डॉक्टर पिल्लू तपासून, संध्याकाळी खोक्यात किंवा क्रेटमध्ये घालून त्याच फडात ठेवतात. रात्री आई येते, क्रेट पालथा पाडते आणि मानगुटीला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. जे पिल्लू तिला मिळत नाही, त्याचा सगळा जन्म पिंजऱ्यात जातो.

भाच्याला मी पुढच्या रविवारी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात घेऊन गेलो. पुण्याच्या जुन्या पेशवे उद्यानातले प्राणी पुढे तिथे हलवले. माझं लहानपण त्या जुन्या उद्यानातलं, फुलराणी या मुलांच्या आगगाडीच्या शिट्टीबरोबर वाघाची डरकाळी ऐकण्यातलं. तिथले पिंजरे आठवले की आज जीव गुदमरतो. कात्रजला निदान वाघाला माणसाकडे पाठ करून झाडीत जाता येतं.

तुम्हीही जा. बुधवारी सुट्टी असते, तो दिवस सोडून. सकाळी लवकर जा आणि सगळे प्राणी उरकायच्या मागे लागू नका. वाघापाशीच अर्धा तास थांबा. मुलांना शिट्ट्या मारू देऊ नका. वाघ पाठमोरा झाला की त्याच्या कानांमागे बघा, दोन पांढरे ठिपके दिसतील. आम्ही बघत होतो तेव्हा वाघ सावलीत पडून होता, आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. मग मागच्या भिंतीपलीकडे बादलीचा आवाज झाला. वाघ उठला, दारापाशी गेला आणि नाकातून फुरफुरला. मांजरासारखी गुरगुर वाघाला करता येत नाही. ओळखीच्या जीवाला तो असा फुरफुरतो. भाच्यानं विचारलं, "हा कुणाशी बोलतोय?"

दाराच्या पलीकडून कुणीतरी तशीच फुरफुर केली. मग साखळी वाजली आणि कुलूप ओढून बघितल्याचा आवाज आला. दोनदा.

नमस्कार.