बर्फ : वितळायला टेकलेला धातू

नमस्कार मंडळी. विषय छापलाय 'हिमनदीतला बर्फ आणि प्रयोगशाळेतला बर्फ', आणि त्यावर मी येणारच आहे, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. हिमनदी वाहते म्हटलं की समोरचा लगेच मान डोलावतो, हो हो, खालून वितळते आणि घसरते. अहो घसरतात काही, नाही कोण म्हणतंय? पण ज्यांचा तळ खडकाला गोठून घट्ट चिकटलाय त्यासुद्धा वाहतात. न वितळता, न तुटता, घन राहूनच.

आता तुम्ही म्हणाल घन आहे तर वाहतो कसा. गंमत आपल्या थर्मामीटरमध्ये आहे. उणे दहा म्हटलं की आपल्याला हुडहुडी भरते, पण बर्फाला विचारा. केल्विनमध्ये मोजलं तर उणे दहा म्हणजे २६३, आणि वितळायला लागतात २७३, म्हणजे बिचारा वितळण्याच्या ९६ टक्क्यांवर बसलाय. लोखंडाला त्याच्या हिशोबाने तेवढंच तापवायचं तर साधारण १४७० अंश सेल्सिअस लागतील, आणि लोखंड वितळतं १५३८ला. तेव्हा हिमनदी म्हणजे भट्टीत ठेवून मऊ पडलेला धातू आहे हो, थंडी फक्त आपल्याला वाजते.

आणि हे माझं एकट्याचं खूळ नाहीये. १९४८ साली इंग्लंडमध्ये एक बैठक झाली, त्यात हिमनदीवाले होते, पदार्थ कसे वाहतात ते बघणारे होते आणि चक्क धातूवाल्यांची संस्था होती. ओरोवान म्हणून धातूंतला मोठा माणूस, तो म्हणाला बर्फाला घट्ट काकवीसारखं का वागवता, धातूसारखं वागवा. झालं, तिथून गाडी रुळावर आली.

त्या सगळ्यात मॅक्स पेरुत्झ होता, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, माझे विद्यार्थी आता कंटाळलेत पण तुम्ही नवीन आहात. हा तोच, रक्तातल्या हिमोग्लोबिनची रचना शोधणारा, १९६२चं नोबेल. १९३८मध्ये हा स्वित्झर्लंडात युंगफ्राउयोखला बर्फाचे स्फटिक बघत होता. मग युद्ध, हा मूळचा ऑस्ट्रियाचा, म्हणून ब्रिटिशांनी शत्रूदेशाचा माणूस म्हणून आधी त्याला पकडून कॅनडात नेऊन ठेवला आणि मग थोड्याच दिवसांत त्याच सरकारला बर्फ कळणारा माणूस हवा झाला! लंडनच्या स्मिथफिल्ड मांसबाजाराखाली, जमिनीच्या कितीतरी खाली, शीतगृहात याची प्रयोगशाळा, पुढे टांगलेल्या गोठलेल्या जनावरांचा पडदा. करायचं काय, तर बर्फात लाकडाचा लगदा मिसळून मजबूत पदार्थ बनवायचा. कशासाठी ते सुरुवातीला त्याला सांगितलंच नव्हतं. बेत होता बर्फाचं विमानवाहू जहाज बांधायचा! लगद्याने बर्फ चिवट झाला, गोळी मारली तरी फुटेना, सगळे खूश. पण यांनी वजन ठेवून वाट बघितली तर काय, बर्फ हळूहळू खचतोय. धक्का सोसतो हो, पण नुसता भार ठेवून सोडला की बसतो. शेवटी हिशोब निघाला की जहाज टिकवायचं तर आख्खं उणे पंधराच्या आसपास गार ठेवावं लागेल, म्हणजे पोटात भलंमोठं फ्रीज घेऊन लढाईला जायचं. जहाज काही झालं नाही. पण नुसत्या भाराखाली असं हळूहळू खचत जाणं म्हणजेच क्रीप, आणि आपला आजचा विषय तोच.

चिठ्ठी आली आहे, बारा मिनिटं. बरं बरं, पत्ते कुठेत?

हा पत्त्यांचा कॅट म्हणजे बर्फाचा एक स्फटिक. बर्फाचे रेणू षटकोनी जाळीच्या थरांत बसलेले असतात, थरावर थर. वरून सरळ अंगठ्याने दाबतो, काही नाही. बाजूने ढकलतो, सर्रकन सरकला. तिरका धरून दाबला तरी सरकतो. मॅकॉनेल नावाच्या संशोधकाने १८९१ साली एकाच स्फटिकाच्या पट्ट्यांवर वजन ठेवून हेच दाखवलं, थर आडवे असले की पट्टी वाकते, तीच पट्टी कुशीवर वळवून ठेवली की हट्टाने वाकत नाही. त्याने कागदांच्या गठ्ठ्याची उपमा दिलेली, मी पत्ते घेतले एवढंच. एक खोट आहे उपमेत, आख्खा थर एकदम सरकत नाही, थरातली एक चूक, डिस्लोकेशन, ती सतरंजीतल्या सुरकुतीसारखी सरकत पलीकडे जाते. थर सोडून दुसऱ्या दिशेने सरकवायचं तर निदान साठपट ताण लागतो.

आता खरी भानगड. हिमनदीत एक कॅट नसतो, लाखो असतात, वेड्यावाकड्या दिशांनी एकमेकांना चिकटलेले. माझे पत्ते सरकायला बघतात, शेजारचा अडवतो. ताण साठतो, मग कुठे कणांच्या, म्हणजे या एकेका स्फटिकाच्या, सीमा सरकतात, कुठे थकलेला कण मोडून नवा, ताजा कण उगवतो. आणि हळूहळू कॅट वळतात. वरून दाब असेल तर पत्ते आडवे होत जातात, म्हणून ग्रीनलंडमध्ये खोल भोक पाडून काढलेल्या बर्फातली अर्ध्या मिलिमीटरहून पातळ चकती दोन पोलरॉइडमध्ये, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या पट्ट्यांमध्ये, धरली की कणांचे दिशेप्रमाणे रंग दिसतात आणि कळतं, बहुतेक कण एकाच दिशेला. असा बर्फ वरच्या दाबाला कडक पण आडव्या ओढीला एकदम मऊ. हिमयुगातला बर्फ तर बारीक कणांचा, तिथे तो वरच्या नव्या बर्फाच्या दोन-तीनपट वेगाने वाहतो.

पाच मिनिटं? मग आता पटापट, प्रयोगशाळा.

ग्लेन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने पन्नाशीच्या दशकात केंब्रिजला बर्फ दाबून सूत्र काढलं, बर्फ दबण्याचा वेग ताणाच्या तिसऱ्या घाताने वाढतो, ताण दुप्पट तर वेग आठपट. हिमनद्यांच्या जगभरच्या संगणकी मॉडेल्समध्ये हाच तीन बसलाय. पण बघा, प्रयोगात बर्फ आधी मंदावतो, साधारण एक टक्का दबल्यावर सगळ्यात हळू होतो, मग कॅट वळले, नवे कण आले की परत वेग घेतो, आणि तो स्थिर व्हायला दहाएक टक्के दबावा लागतो. हिमनदीत एक टक्क्याला सहज तीन वर्षं लागतात, म्हणजे दहाला तीस, एवढी कुणाची पीएचडी चालते? म्हणून आपण ताण वाढवतो, तापमान वाढवतो. मग कणांचं नवं उगवणं जोरात होतं, कॅट वेगळ्या तऱ्हेने लागतात, आणि आपण मोजतो तो बर्फ हिमनदीतला उरतच नाही. ताण कमी असताना कणांच्या सीमांचं सरकणं पुढे येतं असं गोल्ड्सबी आणि कोलस्टेड यांनी २००१मध्ये दाखवलं, तिथे घात दोनच्या खाली. उलट अंटार्क्टिकाच्या तरंगत्या बर्फावर उपग्रहाने वेग मोजले, २०२२चं काम, तर घात चारच्या आसपास, म्हणजे ताण दुप्पट तर वेग सोळापट. आठ की सोळा, बर्फ समुद्रात किती लवकर उतरणार ते यावर अडलंय, आणि मॉडेलवाले अजून तीन टाकून मोकळे होतात.

यावर माझ्या अठरा स्लाइड्स होत्या. असू दे, एकच दाखवतो, ती रंगीत चकती. मागचे दिवे घालवा जरा.